रिलीजच्या तोंडावर आलेले एकाच प्लॅटफॉर्मपुरते पॅच घ्यावेत का?

धागालेखक

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या रिलीजची तारीख आठवड्यावर आली की "एवढा एक पॅच घ्या, फक्त विंडोजपुरता आहे" अशा पॅचच्या, म्हणजे कोडमधल्या छोट्या बदलांच्या, विनंत्या सुरू होतात. माझ्या मते रिलीज ब्रँच (रिलीजसाठी वेगळी काढलेली कोडची शाखा) गोठवल्यानंतर असा पॅच घेऊ नये. तो पुढच्या दुरुस्ती-आवृत्तीत जावा. "एकाच प्लॅटफॉर्मपुरता", म्हणजे एकाच ऑपरेटिंग सिस्टिम किंवा प्रोसेसरपुरता, हे पॅच लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल खरे असते, परिणामाबद्दल असेलच असे नाही. सामाईक हेडर फाइलमधली (सगळ्या कोडमध्ये घेतल्या जाणाऱ्या फाइलमधली) एक ओळ हलली तरी सगळ्या प्लॅटफॉर्मचे बिल्ड पुन्हा तपासावे लागतात, आणि नेमका तेवढाच वेळ हाताशी नसतो. लिनक्सचे एक वितरण असलेल्या डेबियनने २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीला लावलेला स्वतःपुरता पॅच आठवून पाहा. व्हॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून काही ओळी निष्क्रिय केल्या गेल्या आणि यादृच्छिक संख्यांच्या बीजात प्रोसेसचा क्रमांक हाच काय तो बदलता घटक उरला. कूटलेखनाच्या प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीमागे जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता राहिल्या, आणि हे उघडकीस यायला मे २००८ उजाडला.

प्रतिसाद १

या उदाहरणातून उलटाच निष्कर्ष निघतो. तो पॅच घाईत आत शिरला आणि म्हणून निसटला असे नाही. जवळजवळ दोन वर्षे तो सर्वांसमोर होता. थांबणे म्हणजे तपासणी नव्हे.

शिवाय प्लॅटफॉर्मचा म्हणून नोंदवलेला दोष पुष्कळदा सामाईकच असतो, फक्त एका ठिकाणी तो उघडा पडतो. सी भाषेत एकेक अक्षर वाचणाऱ्या 'गेटचार'ने दिलेले मूल्य 'चार' (char, एका बाइटच्या) प्रकारात साठवून ते फाइल संपल्याच्या खुणेशी, म्हणजे सहसा उणे एकशी, ताडून पाहणारे लूप घ्या. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवरच्या) लिनक्सवर 'चार' साइन्ड, म्हणजे उणे मूल्येही धरणारा, असल्यामुळे ते थांबते. एआरएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवरच्या लिनक्सवर तो अनसाइन्ड, म्हणजे उणे मूल्ये न धरणारा, असतो, तेच मूल्य २५५ होते, तुलना कधीच जुळत नाही आणि प्रोग्रॅम अडकून पडतो. दुरुस्ती एका शब्दाची आहे: 'चार'ऐवजी 'इंट' (मोठा पूर्णांक प्रकार). मुख्य म्हणजे एक्स८६वरही मूळ कोड चूकच होता, कारण तिथे २५५ हा बाइट डेटामध्ये आला की फाइल संपली असे समजून वाचन मध्येच थांबते. हा पॅच तारखेसाठी मागे ठेवणे म्हणजे दोन्हीकडच्या वापरकर्त्यांना जाणूनबुजून सदोष आवृत्ती देणे होय.

प्रतिसाद २

हा वाद शेवटच्या आठवड्यात उद्भवतो, कारण कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी रिलीज अडवायचे हे आधी ठरवलेले नसते. पायथन भाषेच्या प्रकल्पाने पेप ११ या धोरण-दस्तऐवजात प्लॅटफॉर्मच्या श्रेणी आखल्या आहेत: पहिल्या दोन श्रेणींतले बिघाड रिलीज अडवतात, तिसरीतले अडवत नाहीत. ज्या प्लॅटफॉर्मची जबाबदारी घ्यायला कोणी मेंटेनर (कोडची देखभाल करणारा) नाही, त्याचा पॅच ऐन वेळी घेण्याचा आग्रह धरू नये.

धागालेखक

'इंट'चा पॅच मी घेईन, मात्र त्यानंतर नवा रिलीज कँडिडेट (अंतिम रिलीजआधीची चाचणी-आवृत्ती) काढून सर्व टेस्ट पुन्हा चालवल्याच पाहिजेत. माझा विरोध '#इफडेफ'च्या (ठरावीक प्लॅटफॉर्मवरच कोड घेणाऱ्या अटीच्या) आड लपलेल्या पॅचला आहे, कारण तपासणाऱ्याकडे ते यंत्र नसेल तर त्याच्या बिल्डमध्ये तो कोड कंपाइलसुद्धा होत नाही. क्यूएमयू या दुसऱ्या प्रोसेसरचे अनुकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवून पाहिले, हे उत्तर पुरेसे नाही. एक्स८६ यंत्रावर एआरएमचे अनुकरण केले तर यजमान प्रोसेसरच्या कडक मेमरी-क्रमामुळे (मेमरीत वाचन-लेखनाच्या नियमित क्रमामुळे) एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडमधले कित्येक दोष दिसतच नाहीत. खऱ्या एआरएमवर मात्र ते अधूनमधून डोके वर काढतात. अशा वेळी त्या प्लॅटफॉर्मचे बायनरी (चालवायला तयार असलेल्या फाइल) मागे ठेवून बाकीचे रिलीज वेळेवर करावे.

प्रतिसाद १

बायनरी मागे ठेवले तरी टॅग केलेला (आवृत्तीची खूण लावलेला) सोर्स कोड सर्वांना मिळतोच. मग प्रत्येक वितरणाचा पॅकेज करणारा त्यावर आपापला पॅच लावतो, आणि तुम्हीच दिलेल्या ओपनएसएसएलच्या उदाहरणासारखा तो मूळ प्रकल्पाच्या भांडारात कधी उतरत नाही. पुढे एकाच आवृत्ती-क्रमांकाखाली वेगवेगळी वर्तने दिसू लागतात आणि दोषाची नोंद आली की ती कोणत्या कोडबद्दल आहे हे शोधण्यातच वेळ जातो. खरे यंत्र हाताशी असलेल्या दोघांनी तपासलेला पॅच असेल, तर तारीख आठवडाभर पुढे ढकलून तो मुख्य ब्रँचमध्ये घ्यावा. हा खर्च एकदाच होतो, विखुरलेल्या पॅचचा खर्च मात्र प्रत्येक रिलीजला करावा लागतो.