नोकरी मिळाली, पण टिकली का? दिव्यांगांच्या रोजगाराविषयी आपले अनुभव लिहा

दिव्यांग आणि बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील उमेदवारांसाठी रोजगार मेळावे भरतात, नेमणूकपत्रे वाटली जातात. वर्षभरानंतर त्यांतील कितीजण त्याच जागी आहेत, हे मात्र क्वचितच विचारले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि सरकारी आस्थापनांत किमान 4 टक्के जागा राखून ठेवल्या. खासगी कारखाने, दुकाने आणि कार्यालयांना मात्र असे आरक्षण लागू नाही आणि तेथे माणूस टिकतो तो आसपासच्या लोकांनी केलेल्या व्यवस्थेमुळे. ती व्यवस्था नेमकी काय होती आणि कोणी केली, हे स्वतःच्या अनुभवातून लिहावे, ही विनंती. व्यक्ती व कंपन्यांची नावे टाळावीत.

पुणे, रोजगार समुपदेशक

आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो; नोकरी लागली तर निराधार योजनेचे पैसे बंद होतील का, हा असतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे, आणि महिना दहा हजारांची साधी नोकरी धरली तरी ती दुपटीहून अधिक ओलांडली जाते. तीन महिन्यांत सुटू शकणाऱ्या कंत्राटी कामासाठी दरमहा येणारी खात्रीची रक्कम सोडायला आई-वडील कचरतात, याला आळस किंवा अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांचा हिशेब बरोबरच असतो. म्हणून आम्ही आधी घरी जाऊन जमाखर्च मांडतो: बसभाडे, जेवण, सोबत जाणाऱ्या माणसाची बुडणारी मजुरी, औषधे. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा असलेल्या जागेलाच आम्ही पसंती देतो. विम्यासाठी इतरांना 21,000 रुपये असलेली वेतनमर्यादा दिव्यांगांना 25,000 आहे, हे अनेक मालकांनाही ठाऊक नसते. हा हिशेब कागदावर झालेल्या घरांतील मुले सहसा पहिल्या पावसाळ्यात काम सोडून परतत नाहीत.

चाकण, कारखान्यातील पर्यवेक्षक

माझ्या लाइनवर कर्णबधिर कामगार आहेत. त्यांना घ्यायचे ठरले तेव्हा सर्वांना काळजी होती ती सुरक्षिततेची आणि ती रास्तच होती, कारण भोंगा ऐकू न येणाऱ्या माणसाला मागून येणारी फोर्कलिफ्टही ऐकू येत नाही. आम्ही भोंग्याबरोबर लाल दिवा लुकलुकण्याची सोय केली, गाड्यांचा मार्ग पिवळ्या पट्ट्यांनी वेगळा केला आणि वळणांवर बहिर्गोल आरसे लावले. त्याचा फायदा ऐकू येणाऱ्यांनाही झाला. याहून अवघड प्रश्न पुढे आला. शिफ्टमधील बदल चहाच्या वेळी तोंडी सांगितले जात आणि ही मुले दुसऱ्या दिवशी चुकीच्या वेळी येत. फळ्यावर लिहूनही भागले नाही, कारण ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांना लांब मराठी वाक्ये वाचणे जड जाते. वेळेसाठी घड्याळाचे चित्र आणि भाग कसा असावा हे दाखवायला एक बरोबर व एक चुकीचा नमुना शेजारी टांगल्यावर काम सुरळीत झाले. एकेकट्याला न घेता दोघा-तिघांना एकत्र घ्यावे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत त्यांना बोलायला कोणीतरी असते.

पाहुणे येतात तेव्हा ‘ही मुले बोलत वेळ घालवत नाहीत, म्हणून चांगली’ असे कौतुक करतात. मला ते पटत नाही. त्यांच्यापैकी एकजण आता नव्यांना काम शिकवतो, आणि ही बढती मिळाली म्हणूनच तो अधिक पगाराच्या दुसऱ्या कारखान्यात गेला नाही.

डोंबिवली, आई

माझा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे आणि एका खाद्यपदार्थांच्या दुकानात पाकिटे भरून वजन करण्याचे काम करतो. त्याला प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या ताई सुरुवातीचे काही आठवडे त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी त्याचे काम करून दिले नाही. कामाच्या पायऱ्यांची छायाचित्रे क्रमाने भिंतीवर लावली आणि तो शिकत गेला तसतशा त्या मागे सरकल्या. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून जाणे त्याला त्याच्या मोठ्या भावाने शिकवले. व्यवस्थापक बदलले तेव्हा नोकरी जाते की काय असे वाटले होते, कारण नव्यांना तो संथ वाटत होता. ताई पुन्हा येऊन त्यांच्याशी बोलल्या आणि त्याला गिऱ्हाइकांच्या गर्दीच्या वेळेऐवजी सकाळचे काम मिळाले. पहिल्या वर्षानंतरही मदत करणारे माणूस फोनवर मिळणे, हे माझ्या मते प्रशिक्षणाइतकेच आवश्यक आहे.

नागपूर, बँक कर्मचारी, पूर्ण अंध

एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि माझे सर्व काम त्यावर चालते. मात्र आमच्याकडे नवी संगणक प्रणाली आली, तेव्हा तिच्यातील निम्मी बटणे वाचली जात नव्हती आणि मी रिकामा बसू लागलो. रिकामा बसलेला अंध माणूस लवकरच ‘याला काही जमत नाही’ या यादीत जातो. मी तोंडी विनंत्या थांबवून प्रत्येक न वाचल्या जाणाऱ्या बटणाची नोंद लेखी दिली, सोबत समान संधी धोरणाचा (दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी देणार हे सांगणाऱ्या धोरणाचा) उल्लेख केला, आणि दुरुस्ती झाली. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने असे धोरण जाहीर करायचे असते. रुजू होतानाच त्याची प्रत मागून घ्यावी.

सिंधुदुर्ग, चाकाच्या खुर्चीचा वापर करणारी

खेड्यात नोकरीआधी प्रश्न येतो तो राहण्याचा, कारण खुर्ची घेऊन रोज एसटीने जाणे शक्य नसते. भाड्यात सवलत असली तरी पायऱ्या तेवढ्याच उंच असतात. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी आमच्या जिल्ह्यात उभ्या केलेल्या ‘स्वप्ननगरी’ या प्रकल्पात काजू प्रक्रियेच्या कामाला निवासाची जोड दिली गेली, ती याच कारणाने. असे निवास तालुक्याच्या गावी असतील, तर आमच्यासारख्या मुली बाहेरच्या नोकऱ्याही करू शकतील.

सातारा, चालकाची मुलगी

माझे वडील सार्वजनिक वाहतूक सेवेत चालक होते. अपघातात पाय गमावल्यावर नातेवाइकांनी स्वेच्छानिवृत्ती घेण्याचा सल्ला दिला, आणि घरात मिळवते तेच एकटे असल्याने आम्ही घाबरून तसे करणारच होतो. एका वकिलांनी दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 वाचून दाखवले: सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा त्याची पदावनती करू शकत नाही, जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व सेवालाभांसह दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद रिकामे नसल्यास ते मिळेपर्यंत अधिसंख्य (म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा) पदावर ठेवावे लागते. वडील आता आगारात नोंदींचे काम करतात. कोणावर अशी वेळ आल्यास राजीनाम्याच्या किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करण्यापूर्वी पर्यायी पदासाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.