गणपतीच्या देखाव्यात जीनो बार्ताली: जुना गिअर चालता दाखवता येईल का?

रामबाग_सायकल:
नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या गल्लीतल्या गणपतीत यंदा इटालियन सायकलपटू जीनो बार्तालीवर देखावा आहे. फलकासाठी इतका मजकूर जमलाय: जन्म 18 जुलै 1914, फ्लॉरेन्सजवळ पोंते आ एमा. जिरो (इटलीची मोठी सायकल शर्यत) जिंकली 1936, 1937 आणि 1946. टूर (टूर द फ्रान्स) 1938 आणि 1948. मिलान–सान रेमो ही एकदिवसीय शर्यत चार वेळा. निधन 5 मे 2000.
तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
1) 1948च्या टूरमध्ये त्याच्या सायकलला कांपान्योलो या इटालियन कंपनीचा 'कांबियो कोर्सा' गिअर होता. तो बदलताना पेडल उलटं का मारावं लागायचं? लोकांसमोर चालता दाखवता येईल का?
2) दुसऱ्या महायुद्धात तो ज्यूंना वाचवण्यासाठी फ्रेममधून कागद न्यायचा. ते नेमके कुठे ठेवत?
3) 'पंतप्रधानांच्या एका फोनने बार्ताली जिंकला आणि इटलीतली यादवी टळली' हे फलकावर लिहावं का?

लोखंडी_फ्रेम:
पहिल्याचं उत्तर देतो. आजच्या गिअरमध्ये डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) खालची चेन ढकलतो. पेडल पुढे मारताना खालचीच बाजू फ्रीव्हीलवर (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांवर) चढत असते, म्हणून ते जमतं. कांबियो कोर्सात चेन ढकलणारा चिमटा सीटकडून मागच्या एक्सलकडे उतरणाऱ्या नळीवर, म्हणजे चेनच्या वरच्या बाजूला असतो. वरची बाजू फ्रीव्हीलवर चढायची तर चेन उलटी फिरायला हवी. उलट्या पेडलचं कारण एवढंच.

त्याच नळीवर उजवीकडे दोन दांड्या असतात. स्वार चालत्या सायकलवर हात मागे नेऊन वरच्या दांडीने चाकाचं क्विक रिलीज (चाक फ्रेमला घट्ट धरणारी पकड) सैल करायचा, उलटं पेडल मारत खालच्या दांडीने चेन दुसऱ्या चक्रावर ढकलायचा आणि वरची दांडी पुन्हा आवळायचा. मधल्या क्षणात मागचं चाक खाचेत (फ्रेममध्ये एक्सल बसतो ती फट) मोकळं असतं! चेन ताणायला वेगळी कप्पी नाही, त्यामुळे चाकच पुढे-मागे सरकून ताण जुळवतं. मोठ्या चक्रावर गेलं की चेन चाकाला पुढे ओढते. लहानवर आलं की चेन ढिली पडते आणि स्वाराच्या वजनाने चाक मागे सरकतं. हिशोब सोपा आहे: चेनची कडी अर्धा इंच, म्हणून दर दात्यामागे एक्सल साधारण 3 मि.मी. सरकतो. 16 वरून 20 दात्यांवर गेलात तर जवळजवळ 13 मि.मी. खाचेत आणि एक्सलवर बारीक दाते कापलेले असत, म्हणून चाक तिरकं होत नसे.

चढावर हे फार जड जातं. उलटं पेडल मारलं की वेग लगेच मरतो, त्यामुळे चढ लागायच्या आधीच बदलावं लागे. आल्प्समधल्या इझोआरसारख्या घाटावर बार्तालीने हे केलं, हे लोकांना आवर्जून सांगा.

रामबाग_सायकल:
वा, आता कळलं. पण खरा कांबियो कोर्सा कुठून आणू? साध्या काळ्या सायकलवर होईल?

लोखंडी_फ्रेम:
तिच्यावर नको. तिची चेन 1/8 इंचाची, गिअरच्या फ्रीव्हीलच्या चक्रांमध्ये बसत नाही. शिवाय मागची जागा अरुंद, फ्रीव्हील फ्रेमला घासेल. जुनी गिअरची सायकल घ्या, पण खाच आडवी आणि लांब हवी. उभी असेल तर चाक सरकणारच नाही. डिरेल्युअर काढून टाका, 3/32 इंचाची चेन घाला आणि शेजारची दोनच चक्रं वापरा. 3 मि.मी. जाड सळईचा यू आकाराचा चिमटा वाकवून वरच्या चेनवर, फ्रीव्हीलच्या अगदी जवळ बसवा. दूर बसवलात तर चेन नुसती वाकेल, चढणार नाही.
तुमच्या खाचेला दाते नसतील, त्यामुळे चाक एका बाजूला ओढलं जाऊन टायर फ्रेमला घासेल. दोन्ही बाजूंना चेन अॅडजस्टर (एक्सल जागेवर धरणारे स्क्रू) लावा आणि चाक हातानेच सरकवून दाखवा. सायकल स्टँडवरच ठेवा, वर कोणालाही बसवू नका. मुलांची बोटं चेनजवळ येतात, म्हणून समोर दोरी बांधा.

बडोदा_पेडल:
कागद सीटखालच्या नळीत आणि हँडलमध्ये लपवले, असं सांगितलं जातं. 1943-44चा काळ. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या ज्यूंना वाचवणाऱ्या गुप्त जाळ्यासाठी फोटो नि ओळखपत्रं असिसी या इटालियन गावाला जात, तिथे लुइजी ब्रित्सी हे मुद्रक खोटी ओळखपत्रं छापत. 2013 मध्ये याद वाशेमने (ज्यू हत्याकांडाचं इस्रायलमधलं स्मारक) बार्तालीला सन्मान दिला. काही इटालियन इतिहासकारांनी मात्र फ्रेमच्या कथेच्या पुराव्यावर शंका घेतली आहे, म्हणून फलकावर 'सांगितलं जातं' हे शब्द ठेवाच. त्याने गोल्डनबर्ग या ज्यू कुटुंबाला आसरा दिला, हे मात्र त्या घरातल्या मुलाने पुढे स्वतः सांगितलं आहे.

करून दाखवायचं तर सीट पोस्ट काढा, पासपोर्ट फोटो आणि कागद गुंडाळून नळीत सरकवा. आधी खाली कापडाचा बोळा घाला. बऱ्याच फ्रेममध्ये ही नळी खाली पेडलच्या एक्सलपाशी उघडी असते, कागद घसरला तर थेट ग्रीसमध्ये. गुंडाळीला दोरा बांधून टोक वर ठेवा, नाहीतर बाहेर निघणार नाही. भाद्रपदाची हवा दमट, तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी हवीच. सीट पोस्ट परत घालताना कमाल उंचीची खूण नळीच्या आत गेली पाहिजे.

माळवी_घाट:
तिसऱ्याचं: ते वाक्य लिहू नका. 14 जुलै 1948ला कम्युनिस्ट नेते तोलियात्ती यांच्यावर रोममध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. टूर तेव्हा फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरात विश्रांतीला होती आणि बार्ताली आघाडीवरच्या फ्रेंच स्वार लुइसों बोबेपेक्षा 21 मिनिटांहून जास्त मागे होता. पंतप्रधान दे गास्पेरींचा फोन आला, असं सांगतात. पण तोलियात्ती शस्त्रक्रियेने वाचले आणि त्यांनीच अनुयायांना शांत राहायला सांगितलं. यादवी टळण्याचं श्रेय एकट्या सायकलला देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आणि बार्तालीवरही. फोनने घाट चढत नाहीत. 15 तारखेला कान–ब्रियांसों टप्पा, वाटेत अल्लो, वार आणि इझोआर हे घाट, थंडी-पाऊस-चिखल. तो जिंकला आणि अंतर जेमतेम मिनिटभरावर आणलं. दुसऱ्या दिवशी एक्स-ले-बँला जिंकून पिवळी जर्सी (एकूण आघाडीची खूण) घेतली, एका दिवसाच्या विश्रांतीनंतर लोझानचा टप्पाही जिंकला. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या स्कोटेपेक्षा 26 मिनिटं 16 सेकंद पुढे. 18 जुलैला तो 34 वर्षांचा झाला. दोन टूर विजयांत दहा वर्षांचं अंतर आजवर दुसऱ्या कोणाचं नाही. फलकावर हे आकडे मोठ्या अक्षरात लिहा, आणि कानपासून लोझानपर्यंतचा नकाशा गिअरच्या शेजारीच लावा.

रामबाग_सायकल:
यादवीचं वाक्य काढलं. नकाशा तीन रंगांत करतो, टप्प्याला एक रंग. खाच मोजून उद्या इथेच आकडा टाकतो.