अनुभव धागा: क्रॉसली हॉटशॉट कुणी पाहिली, कुणी चालवली?

मंडळी, मस्टँग आणि कॉर्व्हेटवर बोलून झालं. आता जरा दुर्मिळ गाडीकडे वळूया. क्रॉसली हॉटशॉट, इंडियानातल्या मॅरियन गावी 1949 ते 1952 या काळात बनलेली दोन सीटची चिमुकली स्पोर्ट्स कार. बनवणारे पॉवेल क्रॉसली म्हणजे सिनसिनाटीचे रेडिओ-फ्रिजवाले. इंजिन 724 सीसी, म्हणजे आपल्या मारुती 800 पेक्षाही लहान, ताकद साडेसव्वीस हॉर्सपॉवर.

मी पहिल्यांदा पाहिली ती सिनसिनाटीजवळच्या एका कार शोमध्ये. बॉनेटवर उभे दोन दिवे, मागे उघड्यावर लावलेली स्टेपनी, आणि दारच नाही! टांग टाकून आत उतरायचं. मालकानं आईला आग्रह केला, "बसा ना." आईनं साडी सावरली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "फोटो बाहेरूनच काढ."

तुमचे अनुभव येऊ द्या.

इंडियाना (माहेर सातारा)

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे आले, तेव्हा शेजारच्या आजोबांकडे 1951 ची हॉटशॉट होती. त्यांच्या शेतातल्या रस्त्यावर ते हौशी पाहुण्यांना चालवायला देत. आमच्या ह्यांनी दुसरा गिअर टाकताना असा काही आवाज काढला की आजोबांनी डोळेच मिटून घेतले. मागे उभे असलेले बाबा मला हळूच म्हणाले, "अगं, सिंक्रो नाहीये यात, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळत नाहीत. जावईबापूंना म्हणावं, उतरा."

मग बाबा बसले. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेझ, पुन्हा क्लच, आणि गिअर लोण्यासारखा आत. स्टेअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, तरी कुठं अडखळले नाहीत. इंग्रजी बाबांना येत नव्हतं, आजोबांना मराठी. तरी दोघं संध्याकाळभर बॉनेट उघडून उभे होते.

मिशिगन

ताई, जावईबापूंचा किस्सा एक नंबर!

मी ब्रेकच्याच कामात आहे, म्हणून माझं लक्ष थेट चाकाकडे. सुरुवातीच्या हॉटशॉटला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. 1949 साली, एवढ्या स्वस्त गाडीला! पण इथं हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानं ब्रेक गंजायचे आणि जाम व्हायचे. शेवटी कंपनी ड्रमवर परत गेली. कल्पना उत्तम होती, पण ओहायो-मिशिगनची थंडी कुणी हिशेबात धरली नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं मूळ डिस्क काढून कपाटात जपून ठेवल्यात. गाडीपेक्षा त्याच आधी दाखवतो.

फ्लोरिडा

आमच्या इथल्या सेब्रिंगच्या रेस ट्रॅकचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? 31 डिसेंबर 1950, तिथली पहिली सहा तासांची शर्यत. टँपाचे व्हिक शार्प आपली हॉटशॉट चालवत तिथं आले होते, बघायला. हँडिकॅपच्या नियमात इंजिनाच्या आकारानुसार प्रत्येक गाडीनं कापायचं अंतर ठरायचं, इंजिन लहान तर अंतर कमी. ते गणित कुणीतरी मांडलं आणि शार्प यांची गाडीच मागून घेतली. काच आणि बंपर काढून फ्रिट्झ कोस्टर आणि राल्फ डेशॉन यांनी ती पळवली आणि जिंकली! फेरारी, जॅग्वार अंतरानं पुढे होत्या, पण निकाल हिचा. मी दरवर्षी सेब्रिंगला जातो. ओळखीच्या प्रत्येकाला हे ऐकवून झालंय, आता तुमची पाळी.

न्यू जर्सी

मी विरोधी पक्षात. उंची सहा फूट, गुडघे थेट स्टेअरिंगला. शिवाय शेजारून ट्रक गेला की जीव मुठीत. शोभेला छान, बाकी तुम्हालाच लखलाभ.

पुणे

हिचे डोळे ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखे वाटतात. कुणी कुणाचं उचललं?

धागाकर्ता

स्प्राइट 1958 ची, हॉटशॉट त्याआधीची. उचललं असं म्हणायला पुरावा नाही, पण क्रॉसलीवाले ही तारीख हमखास सांगतात.

ताई, एक राहिलंच. बाबांनी ॲव्हरेज विचारलं का?

इंडियाना

विचारलं तर! गॅलनचं लिटर, मैलाचं किलोमीटर करून घेतलं, मगच खाली उतरले.