ऑनलाइन पदवी तडीस जाते ती कशामुळे?

सड्यावरची मावशी, देवगड
भाचीने आधी एका खाजगी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला प्रवेश घेतला. व्हिडिओ ढीगभर, पण दोन महिने लॉगिन केलं नाही तरी कुणी विचारलं नाही. सुटलंच ते. मग एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, 12 आठवड्यांचा कोर्स घेतला. दर आठवड्याला स्वाध्याय, त्याला मुदत. 25 गुण स्वाध्यायांचे, 75 केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे. काजूच्या कारखान्यातून आली की हातावरचे तेलाचे डाग घासायची आणि सड्यावर, वरच्या उघड्या कातळमाळावर जायची, घरात रेंज नाही म्हणून. चिऱ्यावर बसून अंधार पडेपर्यंत. कोर्स पुरा केला पोरीने. माझं ठाम मत: मुदत हवी आणि मागे लागणारं माणूस हवं. व्हिडिओ दुय्यम.

रापणीवाला, मालवण
मावशी, नाही पटत. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. स्वाध्याय राहिला, शून्य गुण. रेंज ज्याची आधी जाते, मुदत त्यालाच मारते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. माझी बायको त्यांच्या छापील पुस्तकांवर बी.ए. झाली, पाळणा हलवत. रेंज खंय आसा, ता आधी बघा!

सड्यावरची मावशी
शून्य गुण हा अन्यायच. वादळात मुदत वाढवायलाच हवी. पण वहिनींची जिद्द सगळ्यांकडे नसते हो, पुस्तकं कपाटात पडून राहिलेलीही पाहिली आहेत मी. आणि व्हिडिओ उतरवून घेता येतात. भाची सड्यावर उतरवायची, रात्री घरी बघायची.

चिपळूणची मास्तरीण
मी कॉलेजात शिकवते. मुदतीच्या आदल्या रात्री उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात, मग कोर्स पुरा झाला म्हणजे शिकणं झालं असं कसं म्हणू? आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची पदवी बघा, 2020 पासून आहे. शिकवणं ऑनलाइन, पण परीक्षा केंद्रावर, समोर बसून. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 मध्ये स्पष्ट केलंच आहे. तोडीची ठरायची तर असा कस लागायलाच हवा.

रापणीवाला
बाई, कस लावा, पण केंद्र कुठे? भर पावसात गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, पहाटेची एसटी चुकली की सत्र गेलं. तालुक्याच्या कॉलेजात परीक्षा घ्या.

चिपळूणची मास्तरीण
हे मात्र खरं. आमची संगणकांची खोली रविवारी कुलूपबंद असते. सोमवारी प्राचार्यांकडे विषय काढते. मुदतीबाबत मात्र मावशींशी अजून सहमत नाही.