टनाला टन: चंद्रावरचं बंड रास्त होतं का?

मांजराकाठ (लातूर):

रॉबर्ट हाइनलाइनची 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' ही 1966 ची विज्ञान कादंबरी मी या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा वाचली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. साल 2075. चंद्रावर तीसेक लाखांची वस्ती आहे. पृथ्वीनं काळ्या पाण्यावर धाडावं तसे धाडलेले कैदी, आणि त्यांची पोरंनातवंडं. ही माणसं बोगद्यांत गहू पिकवतात आणि खडकातला बर्फ खणून पाणी करतात. 'अथॉरिटी' नावाचं पृथ्वीचं प्रशासन तो गहू आपल्या भावानं घेतं आणि विजेच्या एका अजस्र गोफणीतून पृथ्वीकडं भिरकावतं. त्यातला बराच गहू आपल्या हिंदुस्थानातल्या भुकेल्या माणसांसाठी येतो. मग माइक नावाचा संगणक हिशेब मांडतो की असंच चाललं तर सात वर्षांत चंद्रावर अन्नासाठी दंगली होतील, आणि त्यानंतर माणूस माणसाला खाईल. तिथून बंड उभं राहतं.

मला या पुस्तकात सगळ्यात मोठा वाटतो तो सुरुवातीच्या सभेतला वाद. विओमिंग नावाची कार्यकर्ती म्हणते, अथॉरिटीची मक्तेदारी मोडा, आमच्या गव्हाला खुला भाव मिळू द्या. सभा खूश होते. तेव्हा म्हातारा प्रोफेसर उठतो आणि सांगतो की भाव कितीही मिळाला तरी गहू पाठवणं हेच मरण आहे. गव्हाबरोबर पाणी चाललंय, आणि ते परत येत नाही. पुढं त्याची मागणी एवढीच उरते: जेवढं नेता तेवढं परत पाठवा, टनाला टन.

आपल्याकडं शेतीचं भांडण कायम भावावर येऊन थांबतं. भाव मिळालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण मालाबरोबर काय जातंय हे कोण विचारतं? 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा कॉलेजात होतो. टँकरच्या नंबरासाठी आमच्या गल्लीत घागरींची रांग रात्रभर लागलेली असायची. त्याच हंगामात उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं जाताना मी बघितल्यात. एक किलो साखरेमागं दोन हजार लिटरच्या वर पाणी लागतं, असा हिशेब शेतीतले जाणकार देतात. आपण रेल्वेनं पाणी आणत होतो आणि पोत्यात भरून बाहेर पाठवत होतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. चंद्राचं बंड रास्त होतं. मागण्या ऐकल्या नाहीत म्हणून त्यांनी गोफणीतून पृथ्वीवर खडक फेकले, तेही रास्त होतं. दुसरा रस्ता पृथ्वीनं ठेवलाच नव्हता.


औसा_रोड:

दादा, पाण्याचं पटलं, खडकाचं नाही. आमचं गाव किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मी नऊ वर्षांचा होतो. भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. आमच्या चुलत्याचं घर मी डोळ्यांनी बघितलंय. वरून खडक टाकणं ज्याला न्याय वाटतो, त्यानं खाली कोण झोपलंय हे आधी बघावं.

कादंबरीतले लोक म्हणतात, आम्ही ओसाड जागा निवडल्या आणि आधी सूचना दिली. पण झालं काय? नेम जिथं होता तिथंच माणसं तमाशा बघायला गोळा झाली आणि मेली. सूचना दिली म्हणून हात स्वच्छ राहतात असं मी मानत नाही.


प्रयोगवही (परभणी):

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असा हिशेब मांडते.

मांजराकाठ, तुमचे साखरेचे दोन हजार लिटर चंद्राला लागू होत नाहीत. त्यातलं बहुतेक पाणी पानांतून उडून जातं किंवा जमिनीत मुरतं. बंद बोगद्यात ते हवेतून पुन्हा गोळा करता येईल. चंद्राचं खरं नुकसान दाण्याच्या आत आहे. गव्हाचा मोठा भाग म्हणजे स्टार्च. त्याची एक कडी, सी सिक्स एच टेन ओ फाइव्ह, 162 भारांची. ती बनवताना पाण्याचे पाच रेणू, म्हणजे 90 भार, कायमचे बांधले जातात. दाण्यातला साधारण बारा टक्के ओलावा त्यात धरा. ढोबळमानानं एक टन गव्हाबरोबर सहाशे किलो पाणी जातं. त्यात खरा तोटा हायड्रोजनचा, कारण ऑक्सिजन तर चंद्राच्या मातीत चाळीस टक्क्यांच्या वर आहे. तुटवडा हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजनचा. म्हणजे प्रोफेसरचं म्हणणं रसायनाच्या कसोटीवर टिकतं. पुस्तक आलं तेव्हा चंद्रावर पाण्याचा पुरावा नव्हता. तो भक्कम मिळाला 2008 मध्ये गेलेल्या आपल्या चांद्रयान-1 वरच्या उपकरणांमुळं. हे वर्गात सांगताना मला आजही भरून येतं.

आता दुसरी बाजू. चंद्राच्या ओढीतून सुटायला सेकंदाला सुमारे 2.4 किलोमीटर वेग लागतो, पृथ्वीच्या ओढीतून सुटायला 11.2. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. म्हणजे एक टन वर पाठवायला पृथ्वीला चंद्राच्या बावीसपट ऊर्जा लागणार. कागदावर टनाला टन बरोबरीचं दिसतं, पण खर्चाला ते एकाला बावीस आहे. पृथ्वीनं नकार दिला तो निव्वळ माजापोटी, असं मी म्हणणार नाही.


द्राक्षबाग:

मी मूळचा निफाडकडचा, नोकरीमुळं पंधरा वर्षं छत्रपती संभाजीनगरात आहे. बोलू का नको असं झालं होतं, पण बोलतो.

मांजराकाठ, तुम्ही मराठवाड्याला चंद्राच्या जागी बसवलंत. गोदावरीच्या बाबतीत मराठवाडा चंद्र नाही, पृथ्वी आहे. उतार तुमच्याकडं आहे. धरणं वर नाशिक-नगरकडं, आणि जायकवाडी खाली पैठणला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्र तेव्हा ठरलेलं होतं. 2015 ला सोडलं, 2023 लाही सोडलं. त्या दिवसांत माझे भाऊबंद रस्त्यावर होते, आणि त्यांच्या तोंडी तुमचंच वाक्य होतं: आमचं पाणी चाललंय, परत येणार नाही. तेव्हा तुम्ही त्यांना स्वार्थी म्हणालात. मग चंद्रवासी रास्त कसे? चंद्राचा गहू खाऊन जगणारा हिंदुस्थानातला माणूस तर तुमच्यापेक्षाही गरजू होता.


मांजराकाठ:

द्राक्षबाग, तुमचा मुद्दा लागला. दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

आता सांगतो. नाशिकचं पाणी खाली आलं तरी पुढच्या मृगात तिथं पुन्हा पाऊस पडतो. दुष्काळ दरवर्षी सारखा नसतो, तरी चक्र चालू आहे. ज्याचं चक्र चालू आहे त्यानं वाटून खावं, तो नदीचा धर्मच आहे. पाण्याच्या 2005 च्या राज्य कायद्यात समन्यायी वाटप आलं ते त्याच भावनेतून. चंद्राचं चक्र मात्र गोफणीच्या तोंडाशी तुटतं. तिथला बर्फ एकदाच मिळालेला आहे. जे परत भरून येत नाही त्यावर नाही म्हणायचा हक्क देणाऱ्याचा असतो. निफाडकर आणि चंद्रवासी यांच्यात मी हाच फरक करतो, आणि तो सोयीचा म्हणून करत नाही.

मॅडम, बावीसपटीचं गणित मला माहीत नव्हतं. पण परत पाठवणं महाग आहे म्हणून नेत राहायचं, हे कसं? परवडत नसेल तर नेणं थांबवावं.


कोरडवाहू (अंबाजोगाई):

जे भरून येत नाही त्याच्याबद्दलच बोलायचं असंल तर आपल्या बोअरबद्दल बोला की. आमच्या शिवारात आधी दोनशे फुटावर पाणी होतं, आता सातशे फूट खाली गेलं तरी नुस्ती धूळ उडायलीय. खालचं पाणी एका पावसाळ्यात भरत नसतंय. ते कुण्या अथॉरिटीनं नेलं न्हाई. माझ्या बापानं, माझ्या चुलत्यानं आन् मी नेलं. गाडी बोलावली, बोअर पाडला, ऊस लावला. पोरीचं लग्न त्याच पैशात झालं, खोटं कशाला बोलू.

त्या पुस्तकातबी तसंच हाय ना? गहू विकणारे शेतकरी चंद्रावरचेच. पैशे घेऊन विकत होते. मग बंड निस्तं पृथ्वीवर कामून? बर्फ खणणारा हात त्यांचाच होता.


करोडगिरी_नाका (नांदेड):

कोरडवाहू, थोडं थांबा. पाणी-वीज विकणारी आणि गहू घेणारी अथॉरिटी एकच असली की पिकवणाऱ्याच्या हातात काय राहतं? आमचे आजोबा निजामाच्या काळातली लेव्ही सांगायचे. धान्य अंगणातून मोजून न्यायचे, भाव ते ठरवणार, आणि घरात बी उरलं का हे कुणी बघायचं नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लोकांनी लेव्ही द्यायला नकार दिला, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळले, शिंदीची झाडं तोडली, कारण सरकारची तिजोरी तिथून भरत होती. दोष पिकवणाऱ्याचा होता असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

पण मांजराकाठ, तुमच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते खडकाचं नाही, मतपेटीचं आहे. त्या बंडात निवडणूक झाली तेव्हा मतं मोजली माइकनं, आणि निकाल त्यानं पाहिजे तसा लावला. प्रोफेसर पृथ्वीवर आग्र्याला वाटाघाटीला गेला तो त्या फिसकटाव्यात म्हणूनच, म्हणजे घरची माणसं चिडून एक होतील. तीस लाख लोकांच्या जिवावर तिघा-चौघांनी आणि एका यंत्रानं डाव खेळला, आणि लोकांना खरं सांगितलं नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं गावोगाव सभा घेऊन, तुरुंग भोगून लोक उभे केले होते. 13 सप्टेंबर 1948 ला फौज आली हे खरं, पण तोवर गावं जागी झालेली होती. फसवून जागं केलेलं गाव उद्या दुसरा कुणी फसवून झोपवतो. कादंबरीच्या शेवटी नवं सरकार पुन्हा नियम-बंधनं लादायला लागतं, आणि गोष्ट सांगणाऱ्या मॅनीचं मन उडतं. त्याची सुरुवात त्या खोट्या मतमोजणीत आहे, असं माझं ठाम मत आहे.


प्रयोगवही:

नाका, इथं मी तुमच्या बाजूनं. माझ्या विद्यार्थ्यांना हे पुस्तक देताना माइकचा विनोदी स्वभाव त्यांना आवडतो, आणि त्यानं केलेली लबाडी मुलं सहज माफ करतात. दरवर्षी मला त्यावर एक तास द्यावा लागतो.


मांजराकाठ:

मतमोजणीचं मान्य करतो, ते चूक होतं. पहिल्या वाचनात मी त्यावरून पटकन पुढं गेलो होतो. कोरडवाहू, तुमचंही मान्य. आमचाही बोअर आहे, पाचशे ऐंशी फुटांचा, आणि त्यावर दोन एकर ऊस आहे. धागा काढताना ते लिहायला पाहिजे होतं.

पण खडकाचं मी अजून सोडत नाही. औसा_रोड, सात वर्षांनी पोरं उपाशी मरणार हे आकड्यात दिसतंय, समोरचा ऐकत नाही, पळून जायलाही जागा नाही. चंद्रावर काही महिने राहिलेला माणूस पृथ्वीच्या सहापट वजनाखाली पुन्हा नीट जगू शकत नाही, असं पुस्तकातच आहे. तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?


औसा_रोड:

गोफण बंद केली असती. गहू पाठवायचा थांबवला असता आणि बोगद्याच्या तोंडाशी बसलो असतो. त्यांची फौज आली असती, त्यात मी मेलोही असतो. पण मॅडमना विचारून बघा, एक टन खडक सेकंदाला अकरा किलोमीटरनं खाली आला तर किती होतं.


प्रयोगवही:

हवेतली घट सोडून धरली तर सुमारे चौदा टन टीएनटी स्फोटकाएवढं. आणि कादंबरीतले खडक एका टनाचे नव्हते.


औसा_रोड:

मग झालं. आमच्या गावात आजही नव्या घराचा स्लॅब टाकताना म्हातारी माणसं खालून हात लावून बघतात. त्यांच्यासमोर बसून हे बंड रास्त होतं म्हणून सांगायला मला जमणार नाही, मांजराकाठ. पाण्याचं मी सांगेन. टनाला टन पण सांगेन.