पूर-वादळानंतर गोव्यात गेलात, तर उतरलात कुठे?

पूर ओसरलाय, रस्ते नुकते उघडतायत, अशा वेळी गोव्यात कोणी गेलं असेल तर राहायचं कसं जमवलंत ते लिहा. पावसाळी सहली नकोत. घरच्यांसाठी, मदतीसाठी, कामासाठी गेलेल्यांचे अनुभव हवेत. सुरुवात मीच करते.

जुलै 2021. म्हादईला पूर आला आणि सत्तरीत मावशीच्या घरात पाणी शिरलं. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्रीही म्हणाले होते. कोकण रेल्वे बंद, कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली. रस्ता सुरू झाल्यावर पुण्याहून निघालो. मावशी म्हणत होती, इथेच राहा. पण पूर आलेल्या घरी मुक्काम केला की तिच्या कोरड्या राहिलेल्या दोन चादरी आपल्याच अंगावर येतात. म्हणून फोंड्याकडे कुलदेवतेच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत उतरलो. देवस्थानच्या कचेरीत फोन करून गाव, आडनाव, कोणाकडचे ते सांगितलं, खोली मिळाली. कुळाव्यांना, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत त्यांना, आधी देतात, पण त्या दिवसांत येणारं होतं कोण? खाट, बादली, पंखा, एवढंच. मासे नाहीत, रात्री फाटक बंद. दिवसभर मावशीकडे चिखल उपसायचा आणि संध्याकाळी कोरड्या जमिनीवर आडवं व्हायचं, याहून जास्त काही लागत नव्हतं.

*

आमचं म्हापसा. मे 2021, तौक्ते वादळ. तेव्हा तर कोविडची संचारबंदीही होती. पत्रादेवीच्या सीमा नाक्यावर निगेटिव्ह दाखला पाहिल्याशिवाय आत सोडत नव्हते, लॉज बंद. आईबाबा म्हातारे, त्यांच्या घरावर माड पडलेला. मित्राच्या बंद फ्लॅटची किल्ली मिळाली म्हणून निभावलं. पण वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे चौथ्या मजल्यावर पाणी नाही. हे मुंबईकराच्या डोक्यात लवकर येत नाही. शेवटी शेजारच्या जुन्या घरातल्या विहिरीवरून कळशीने पाणी वाहिलं. अशा वेळी खोली बघताना एसी विचारू नका, विहीर विचारा. पोदेर, म्हणजे पाववाला, मात्र सायकलवरून पों पों करत वेळेवर हजर!

*

थोडं जुनं. 2 ऑक्टोबर 2009, काणकोणात ढगफुटीसारखा पाऊस झाला. तळपण आणि गालजीबाग नद्यांनी घरंच्या घरं नेली. आम्ही काही जण मडगावहून कपडे, भांडी घेऊन गेलो. पाळोळ्याला झोपड्या भाड्याने मिळतील असं वाटत होतं, पण त्या पावसाआधी मोडतात आणि ऑक्टोबरात पुन्हा बांधायला घेतात. नुसते खांब उभे होते. झोपडीवाल्यानेच स्वतःच्या घराचं बलकांव, म्हणजे पुढचा व्हरांडा, झोपायला दिलं. तो पैसे घेईना, आम्ही बळेच दिले. फुकट राहणं मला पटत नाही. त्याचा हंगाम बुडालेला असतो, आणि 'मदतीला आलोय' म्हणून जेवणही त्याच्याच चुलीवर? उलट किनाऱ्याकडच्या एका हॉटेलाने त्याच आठवड्यात दुप्पट भाव सांगितला होता. असे दोन्ही भेटतात.

*

आमची गाडी दूधसागरच्या अलीकडे 23 जुलै 2021 ला दरडीमुळे घसरली. चिपळूणच्या पुरामुळे तिला मिरजमार्गे वळवलं होतं. दुसऱ्या गाडीने कुळे स्थानकावर परत आणलं. राहायचा प्रश्नच आला नाही, मडगावला आत्येकडे गेलो. एवढाच अनुभव.

*

सत्तरीवाल्या ताई, पुराच्या घरात काम करताना पाण्याचं काय केलंत? आणि खोली पूर आलेल्या भागातच घ्यावी लागली तर?

*

विहिरीत पुराचं पाणी गेलं होतं. उपसून क्लोरीन टाकेपर्यंत ते फक्त धुण्याला. प्यायला फोंड्याहून कॅन भरून न्यायचो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) भीती असते. आम्ही गमबूट घातले आणि आरोग्य केंद्रात विचारून गोळ्या घेतल्या. खोली तिथेच घ्यायची असेल तर वरच्या मजल्यावरची मागा आणि पैसे द्यायच्या आधी गादी उलटून बघा. जुलैत ऊन नसतं, कापसाची गादी वरून कोरडी लागते, आतून ओलीच असते. नाहीतर सरळ चटई मागा. आणि आपली चादर, मेणबत्त्या, डासांची उदबत्ती घेऊन जा. गावातल्या दुकानातला साठा गावालाच पुरत नसतो.