जुने अंक स्कॅन करायचेत, सल्ला हवा

प्रश्न: सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयात मासिकांचे जुने बांधीव अंक आहेत. पान उलटलं की कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो. मोबाईलनं फोटो काढून पीडीएफ केली तर चालेल?

उत्तर: मोबाईल नको, कळकळीनं सांगतो. अंक सपाट दाबू नका, शिवण तुटते. व्ही आकाराच्या पाळण्यात (अंक अर्धवट उघडा धरणाऱ्या आधारात) ठेवून वरून कॅमेरा लावा. स्कॅन ४०० डीपीआयचं (म्हणजे इंचाला ४०० ठिपके), मूळ प्रत टिफमध्येच (तपशील न गमावता चित्र साठवणारा फाईलचा प्रकार). माझी एकुलती हार्डडिस्क बसली, आठ महिन्यांचं काम गेलं. तीन प्रती करा, एक पुण्याबाहेर.

दुसरं उत्तर: लेखक जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर नेटवर टाकण्याआधी वारसांची परवानगी घ्या.

प्रश्नकर्ता: समिती म्हणते, स्कॅननंतर अंक रद्दीत द्या.

उत्तर: अजिबात देऊ नका! आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवा.